आईच्या आजारपणात कुणाचा विश्वास कमी पडला? मनाच्या शक्तीबद्दल खरंखुरं विचारायचं आहे

मोगरी (रविवार, रात्री ११.१०)

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लेक लवकर झोपलीय, लिहूनच टाकते.

आईला जाऊन येत्या ऑक्टोबरात दोन वर्षं होतील. गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर होता. आई जन्मभर मिश्री लावायची. पहाटे मोरीपाशी पाटावर बसलेली, डाव्या तळव्यावर काळी पूड, उजव्या हाताचं बोट तोंडात आणि नजर कुठेतरी लांब. माझी आईची पहिली आठवण ही आहे. फेब्रुवारीच्या शेवटी मिरजेला ऑपरेशन झालं, मग शेक दिले. शेक चालू असतानाच मावशीनं एका शिबिराची माहिती आणली. त्यांचं नाव इथे लिहीत नाही.

शिबिरात सांगितलं की विचार ही ऊर्जा आहे, ऊर्जेनं वस्तू बदलते, मग पेशी का नाही बदलणार? घरातल्या सगळ्यांनी रोज रात्री ९ वाजता डोळे मिटून आई ठणठणीत बरी झालेली बघायची. शिवाय प्रत्येकानं वहीत रोज १०८ वेळा लिहायचं, 'आई पूर्ण बरी झाली आहे'. आणि एक अट होती. घरातल्या एकाच्याही मनात शंका असली की साखळी तुटते.

मी दोनशे पानी वही आणली. २ मेपासून एक दिवस चुकवला नाही. फक्त २२ जूनचं पान कोरं आहे. त्या रात्री लेकीला ताप होता, तिच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवता ठेवता मलाच झोप लागली. धाकटा भाऊ तर या सगळ्यात बसलाच नाही. म्हणाला, "आईला दवाखान्यात नेईन, आणीन, रात्रभर पाय चेपत बसेन. पण हे मला जमायचं नाही."

जुलैच्या शेवटी मानेत गाठ पुन्हा आली. दिवाळीआधी आई गेली. तेराव्याला मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "एकाची शंका नडली." भाऊ भरल्या पानावरून उठला, तो त्या दिवसापासून घरी आला नाही. वर्षश्राद्धालाही नाही. मी तेव्हा एक शब्द बोलले नाही, कारण मला माझं कोरं पान टोचत होतं. दोष भावाकडे गेला याचं आत कुठेतरी हायसं वाटलं होतं, हेही आज लिहिते.

मला विचारायचं आहे ते असं. शिबिरात दोन गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. एक, अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात मनाचा यंत्रावर परिणाम होतो हे सिद्ध झालंय. दोन, क्वांटम सिद्धांताप्रमाणे कुणी बघितल्याशिवाय काही घडतच नाही. हे खरं आहे का? थट्टा नको, नुसती समजूतही नको. जे असेल ते सांगा.

पारिजात (रविवार, रात्री ११.३२)

मोगरी, वाचून गलबलून आलं गं. शास्त्रातलं मला कळत नाही. भावाला फोन मात्र कर.

लोलक (सोमवार, सकाळी ७.०५)

मोगरीताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. तुम्ही सरळ विचारलंय, सरळच सांगायचा प्रयत्न करतो. थोडं लांबेल.

प्रिन्स्टनला तशी प्रयोगशाळा होती हे खरं आहे. १९७९ साली रॉबर्ट जान यांनी ती काढली. हा माणूस भोंदू नव्हता. अंतराळयानांच्या विद्युत इंजिनांवर त्यांचं नावाजलेलं काम होतं आणि ते तिथल्या अभियांत्रिकी शाखेचे अधिष्ठाता होते. ब्रेंडा डन या त्यांच्या सहकारी. अभियांत्रिकीच्या इमारतीच्या तळघरात एक पेटी ठेवलेली असायची. तिच्यातल्या इलेक्ट्रॉनिक खरखरीतून नाणं उडवल्यासारखे छापा-काटा निघायचे, एका फेरीत २००. समोर खुर्चीत बसलेल्या माणसानं पेटीला हात लावायचा नाही. फक्त मनात धरायचं, आता छापे जास्त पडू देत. मग, आता कमी पडू देत. मग काहीच धरायचं नाही. भिंतीएवढा एक फळाही होता. त्यात वरून ९००० हलके गोळे ३३० खुंट्यांवर आपटत खाली यायचे आणि १९ कप्प्यांत जमायचे. बसणाऱ्यानं ते डावीकडे किंवा उजवीकडे झुकावेत अशी इच्छा करायची.

बारा वर्षांत ९१ माणसांनी त्या पेटीसमोर जवळपास २५ लाख फेऱ्या केल्या. २०० पैकी सरासरी १०० छापे अपेक्षित. 'जास्त' धरल्यावर आले १००.०२६. 'कमी' धरल्यावर ९९.९८४.

आता हा फरक केवढा ते हातात घेऊन बघा. दहा हजार वेळा नाणं उडवलं तर मनाच्या जोरावर जादा पडलेले छापे एक, फार तर सव्वा. एरवी दहा हजारांत नुसत्या योगायोगानं ५० इकडेतिकडे होतात. त्या गलबल्यातून हा सव्वा जेमतेम वेगळा ओळखू यायचा तरी सहा कोटींच्या घरात नाणी उडवावी लागतील. जान यांच्याकडे ५० कोटींच्या आसपास होती, म्हणून कागदावर तो फरक योगायोगापलीकडचा ठरला. हे मान्य केलंच पाहिजे.

पुढचं संध्याकाळी लिहितो. तोवर एवढंच लक्षात घ्या. हा निकाल जसाच्या तसा, शंभर टक्के खरा मानला तरी तो दहा हजारांत सव्वाचा आहे. त्यावरून 'पेशी बदलतात' इथपर्यंत उडी शिबिरवाल्यांची आहे.

दिंडीकर (सोमवार, दुपारी १.१५)

लोलक सर, मांडणी छान. पण लहान म्हणजे शून्य नव्हे ना? एक केस जरी मनानं हलला तरी मन वस्तू हलवतं हे सिद्धच झालं, मग किती हलवतं हा पुढचा प्रश्न. विज्ञानानं आधी पुष्कळ गोष्टी नाकारल्या आणि नंतर मान्य केल्या. आणि युजीन विग्नर यांच्यासारखे नोबेलवाले म्हणून गेलेत की जाणिवेशिवाय मोजमाप पुरं होत नाही. त्यांना काय भौतिकशास्त्र कळत नव्हतं?

स्वतःचं सांगतो. मी अकरा वर्षं वारी करतो. एरवी कमरेच्या दुखण्यानं मला बाजारातून पिशवी आणवत नाही. वारीत वीस-बावीस किलोमीटर चालतो, कंबर आठवतसुद्धा नाही. हा अनुभव मी खोटा कसा म्हणू?

सांजवात (सोमवार, दुपारी ३.४०)

मी असं वाचलंय की या शक्ती शंकेखोर माणसासमोर चालतच नाहीत. प्रयोगशाळेत सगळे तपासायलाच बसलेले, मग तिथे कसं दिसणार?

लोलक (सोमवार, रात्री ८.२०)

दिंडीकर, तुमचा मुद्दा रास्त आहे. खरंच एक केस हलला असता तर मी शिकवलेलं निम्मं भौतिकशास्त्र पुन्हा लिहावं लागलं असतं, आणि मी ते आनंदानं लिहिलं असतं. म्हणूनच तो खरंच हलला का, हे आधी पक्कं करायला हवं.

सांजवात, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. प्रिन्स्टनच्याच मंडळींनी जर्मनीतल्या फ्रायबर्ग आणि गीसन इथल्या दोन गटांना सोबत घेतलं आणि तोच प्रयोग, तसलीच यंत्रं वापरून, तीन ठिकाणी पुन्हा करायचं ठरवलं. किती फेऱ्या करायच्या, काय मोजायचं, सगळं आधी लिहून ठेवलं. यात शंकेखोर कुणी नव्हतं. ज्यांना हा परिणाम खरा वाटत होता, ज्यांनी त्यात आयुष्याची वीस वर्षं घातली होती, तीच माणसं होती. २२७ जण यंत्रांपुढे बसले. २००० साली निकाल छापला. फरक आधीच्या दहाव्या हिश्श्यावर आला होता, योगायोगापासून वेगळा काढता येईना. खुद्द प्रिन्स्टनच्या तळघरातही तो आला नाही. त्यांनी हे लपवलं नाही, स्वतःच्या नावानं छापलं. मला त्या माणसांबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

मग २००६ साली जर्मन आणि ब्रिटिश संशोधकांनी जगभरातले अशा यंत्रांवरचे ३८० प्रयोग एकत्र मांडले. त्यात एक विचित्र गोष्ट दिसली. प्रयोग जितका छोटा तितका परिणाम मोठा, आणि प्रयोग जितका मोठा तितका परिणाम शून्याकडे. खऱ्या परिणामाचं असं होत नाही. जास्त मोजलं की तो जास्त स्पष्ट होतो. हा उलटा आकार केव्हा दिसतो? छोटे प्रयोग फसले की कपाटात राहतात आणि जमले की छापले जातात तेव्हा. यात कुणी लबाडी केलेली असायला लागत नाही. निराश झालेला माणूस कागद खणात टाकतो, एवढंच पुरतं.

प्रिन्स्टनची प्रयोगशाळा २००७ मध्ये बंद झाली.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीपासून खटकत आली. तिथल्या मंडळींचं म्हणणं होतं की माणूस हजारो मैलांवर बसला तरी परिणाम तेवढाच, आणि यंत्र चालायच्या आधी किंवा नंतर इच्छा केली तरीही तेवढाच. त्यांना हे मनाच्या अथांगपणाचं लक्षण वाटलं. माझ्या मनात वेगळंच आलं. अंतर बदला, वेळ बदला, काहीही बदला आणि परिणाम जराही बदलत नसेल, तर तो बाहेरच्या जगात नसून आकडे गोळा करण्याच्या आणि चाळण्याच्या पद्धतीत असण्याचीच शक्यता मोठी.

रुणझुण (सोमवार, रात्री ९.५५)

आकड्यांत मला गती नाही, पण स्वतः केलेलं एक सांगते.

वसतिगृहात आम्ही प्लँचेट करायचो. पाटावर गोल कागद, कडेनं क ते ज्ञ, मध्ये उपडी वाटी, वाटीवर तिघींची बोटं, खोलीत फक्त मेणबत्ती. वाटी फिरायची. नुसती फिरायची नाही, नावं लिहायची. माझ्या गेलेल्या आजोबांचं नाव लिहिलं तेव्हा मी ढसाढसा रडले होते. बोट हलकंच टेकवलेलं होतं, मी ढकलत नव्हते, आजही शपथेवर सांगेन. बाकीच्या दोघीही ढकलत नव्हत्या.

आमच्या वॉर्डनबाईंनी एकदा पकडलं. आम्हाला वाटलं आता घरी पत्र जाणार. बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मलाही बघू दे." तिघींचे डोळे त्यांनी आमच्याच ओढण्यांनी बांधले आणि आम्हाला न सांगता पाट अलगद अर्धा फिरवला. आजोबांना पुन्हा नाव विचारलं. वाटी झरझर निघाली, थांबत थांबत चार ठिकाणी गेली. डोळे सोडले. वाटी गेली होती ती अक्षरं आधी जिथे होती तिथे. आता तिथे भलतीच अक्षरं होती.

मी किती तरी वेळ माझ्या बोटाकडे बघत बसले. त्या बोटाला माझ्या नकळत माझं मनच चालवत होतं. मनानं वस्तू हलवली हे खरंच होतं म्हणा, पण हाडामांसाच्या बोटातून.

बाईंनीच मग फॅरेडे या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. १८५३ साली इंग्लंडात टेबल फिरवायचं वेड आलं होतं. माणसं टेबलाभोवती हात टेकून बसायची आणि टेबल आपोआप सरकायचं. फॅरेडेनं हातांखाली एकावर एक पुठ्ठे ठेवले, मध्ये किंचित सरकू देणारा मऊ डिंकासारखा थर. टेबल हलल्यावर बघितलं तर वरचा पुठ्ठा जास्त सरकलेला, खालचा कमी. म्हणजे आधी हात, मग टेबल. मग त्यानं हात किंचित जरी सरकला तरी हलणारा एक काटा बसवला आणि तो बसणाऱ्यांना दिसेल असा ठेवला. स्वतःचा हात सरकताना दिसायला लागल्यावर टेबल हलायचं थांबलं. तीच माणसं, तोच विश्वास.

लोलक (सोमवार, रात्री १०.३०)

रुणझुण, तुमच्या वॉर्डनबाईंना माझा नमस्कार. पाट फिरवणं म्हणजे काय हे मला तीस वर्षांत इतकं नीट शिकवता आलं नाही.

आता विग्नर. १९६१ साली त्यांनी तसं लिहिलं हे खरं. त्यांच्या आधी १९३२ साली फॉन नॉयमन या गणितज्ञानं दाखवलं होतं की मोजणारा आणि मोजली जाणारी वस्तू यांच्यातली रेघ गणितात कुठेही ओढता येते, उपकरणापाशी, डोळ्यापाशी, किंवा त्याही आत. विग्नर म्हणाले, मग ती जाणिवेपाशीच ओढू या. पण पुढे त्यांनी स्वतःच हे मत सोडलं. १९७० साली डीटर झे या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलं होतं की कुठलीही मोठी वस्तू भोवतालच्या हवेपासून आणि प्रकाशापासून कधी सुटी नसतेच, आणि त्या संपर्कातच तिचे लाटेसारखं वागण्याचे क्वांटम गुण बुजून जातात. बघणारा असो नसो. विग्नरना ते पटलं. शिबिरांत १९६१ चे विग्नर सांगतात, नंतरचे सांगत नाहीत.

यावर मला फार आवडणारा एक प्रयोग आहे. व्हिएन्नात २००४ साली कार्बनच्या ७० अणूंचे चेंडूसारखे रेणू जाळ्यांमधून सोडले. थंड असताना ते लाटेसारखे वागले, पडद्यावर पट्टे उमटले. मग तेच रेणू लेझरनं तापवत नेले. तापलेलं लोखंड जसं लाल दिसतं तसे तापलेले रेणू वाटेत प्रकाश टाकायला लागले. त्या प्रकाशावरून रेणू कुठल्या वाटेनं गेला हे तत्त्वतः कळू शकतं. आणि पट्टे फिके होत होत गेले. तो प्रकाश बघायला तिथे कुणीही नव्हतं. उपकरणाच्या भिंतीवर जाऊन तो विरला. भौतिकशास्त्रात 'निरीक्षण' म्हणतात ते एवढंच, वाटेची खूण कुठेतरी उमटणं. शब्द दुर्दैवी निवडला गेला, आणि त्या एका शब्दावर आज किती शिबिरं उभी आहेत.

मोजमापाचा प्रश्न पुरता सुटलाय असं मी म्हणणार नाही. मातब्बर मंडळी अजून त्यावर भांडतात. पण त्या भांडणातल्या कुठल्याही बाजूकडून 'इच्छा केली तसा निकाल लागतो' हे निघत नाही. सिद्धांत शक्यता देतो, आणि त्या कुणाच्या आवडीनिवडीनं बदलत नाहीत.

स्टेथो (मंगळवार, सकाळी ६.४०)

रात्रपाळी संपवून लिहितोय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

दिंडीकर, तुमची कंबर खोटी नाही आणि वारीही खोटी नाही. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर १९७८ साली एक प्रयोग झाला होता. वेदनाशामक म्हणून नुसतं बिनऔषधाचं पाणी टोचलं तरी काहींच्या वेदना कमी झाल्या. मग नालोक्सोन दिलं, जे शरीरातल्या अफूसारख्या द्रव्यांचा रस्ता अडवतं. तो आराम नाहीसा झाला. म्हणजे विश्वासानं मेंदूतून खरं रसायन सुटत होतं. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन धरमशालेला जाऊन तिबेटी साधकांच्या बोटांचं तापमान मोजून आले. ध्यानात बसून साधकांनी ते जास्तीत जास्त ८.३ अंश सेल्सियसनं वाढवलं होतं. मन स्वतःच्या शरीरात पुष्कळ काही करतं. तिथे मेंदू आहे, नसा आहेत, रक्तवाहिन्या आहेत. जायला वाट आहे.

आता त्याच बेन्सन यांचं दुसरं काम. हृदयाची बायपास झालेले १८०२ रुग्ण, सहा रुग्णालयं, निकाल २००६ मध्ये. एका गटासाठी प्रार्थना केली, एकासाठी केली नाही, आणि दोघांनाही सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. तिसऱ्या गटाला खात्रीनं सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार, आणि ती केली. ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झालेले: प्रार्थना केलेल्यांत ५२ टक्के, न केलेल्यांत ५१ टक्के. आणि ज्यांना खात्रीनं माहीत होतं त्यांच्यात ५९ टक्के. हा शेवटचा आकडा कशामुळे, यावर एकमत नाही. बेन्सन प्रार्थनेचे विरोधक नव्हते, हे मुद्दाम सांगतो.

मोगरीताई, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हे. तोंडा-घशाच्याच कॅन्सरचे १०९३ रुग्ण. त्यांची मनःस्थिती उपचारांच्या सुरुवातीला मोजली आणि पुढे कोण किती जगलं ते बघितलं. २००७ साली छापलं गेलं. आशावादी, आनंदी असलेले आणि खचलेले, दोघांच्या जगण्यात फरक नव्हता. हे रुग्णाच्या स्वतःच्या मनाबद्दल आहे. नातेवाइकाच्या वहीबद्दल काय बोलणार?

दुसरं एक काम मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये लिहिलं की स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ज्या बाया आधारगटात जात होत्या त्या जास्त जगल्या. ८६ बाया होत्या. जगभर गाजलं. मग त्यांनी स्वतःच १२५ जणींवर पुन्हा प्रयोग केला आणि २००७ मध्ये छापलं की एकूणात आयुष्य वाढलं नाही. गटात जाणाऱ्यांना बरं वाटतं, दुखणं सुसह्य होतं, हे मात्र उरलं. आणि ते थोडं नाही. तुमचा भाऊ रात्रभर पाय चेपत होता ना? आईला त्याचा उपयोग झाला असणार, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो.

एक विनंती. ऑपरेशननंतर पंधरवड्यात पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो. मानेतल्या किती गाठी तपासल्या, कितींत आजार होता, आणि तो गाठीच्या आवरणाबाहेर आला होता का, हे त्यात असतं. आजार पुन्हा उलटण्याचा धोका त्यावरून कळतो. फाईल असली तर काढून बघा. इथे टाकू नका. फक्त ते वाक्य आणि तारीख वाचा.

गोदाकाठ (मंगळवार, सकाळी १०.१५)

मी पंचवीस वर्षं ध्यान करतो आहे. इगतपुरीला कितीदा बसलो याचा हिशेब नाही. तिथे कुणी मला वस्तू हलवायला शिकवलं नाही. श्वास येतो, जातो, तो बघ, एवढंच. पतंजलींनी विभूतिपादात सिद्धींचं वर्णन केलं आहे आणि तिथेच त्यांना समाधीच्या वाटेतले उपसर्ग म्हटलं आहे. ज्यांना परंपरेचा आधार हवा त्यांनी हेही वाचावं. ध्यानाच्या नावावर पोरक्या झालेल्या लेकरांना दोष देणं हे ध्यान नव्हे. मोगरीबाई, त्या मुलाला घरी बोलवा.

सांजवात (मंगळवार, दुपारी १२.५०)

सर, तिघांच्या त्या प्रयोगाचं मला माहीत नव्हतं. मानणाऱ्यांनीच केला आणि आला नाही, हे डोक्यातून जात नाहीये. सध्या एवढंच.

दिंडीकर (मंगळवार, रात्री ९.०५)

सगळं दोनदा वाचलं. पूर्ण पटलं असं म्हणणार नाही. वाखरीला रिंगणात उभं राहिल्यावर जे वाटतं ते कुठल्या पेटीत मोजता येईल असं मला अजूनही वाटत नाही.

पण मोगरीताई, एक सांगतो. अकरा वर्षांत वारीत कुणी कुणाला 'तुझा विश्वास कमी म्हणून तुझं माणूस गेलं' असं म्हणालेलं मी ऐकलं नाही. कुणी म्हणालं असतं तर आमच्या दिंडीतल्या माउलींनी त्याला तिथेच थांबवलं असतं. तुमच्या मावशी दुःखात बोलल्या असतील. तरी ते बोलणं भक्तीचं नव्हतं. शंका घेणारा पोरगा रात्रभर आईचे पाय चेपतो, त्याला मी अभक्त म्हणणार नाही.

स्टेथो (मंगळवार, रात्री ९.४०)

दिंडीकर, मनापासून धन्यवाद. आणि कमरेचा एकदा एक्स-रे काढून घ्या.

मोगरी (गुरुवार, रात्री ११.५०)

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. काल यांना सांगून माळ्यावरून पिशवी काढली. फाईल वर होती, वही खाली.

रिपोर्ट १४ मार्चचा आहे. २४ गाठी तपासल्या, ५ मध्ये आजार, दोन ठिकाणी आवरणाबाहेर आलेला. डॉक्टर, तुम्ही लिहिलं होतं अगदी तेच वाक्य. फाईल आणि वही जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली. वहीचं पहिलं पान २ मेचं. मी 'आई पूर्ण बरी झाली आहे' पहिल्यांदा लिहिलं त्याच्या सात आठवडे आधीच हे टाइप करून, सही-शिक्का होऊन फाईलला लागलं होतं. २२ जूनचं पान काढून बघितलं. कोरं आहे, कोपऱ्यात लेकीच्या औषधाचा गुलाबी डाग आहे. इतके दिवस तो डाग मला दिसलाच नव्हता.

दोन्हींचे फोटो काढले आणि भावाला पाठवले. खाली लिहिलं, "माझं चुकलं. तेराव्याला मी बोलायला हवं होतं." दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मग बराच वेळ काही नाही. मी भांडी घासून आले, लेकीचं दप्तर भरलं.

साडेदहाला उत्तर आलं. त्याला विचारून इथे लिहितेय.

"ताई, तो रिपोर्ट खिडकीवर रांगेत उभं राहून मीच आणला होता. आईनं दवाखान्याच्या पायरीवर बसून माझ्याकडून वाचून घेतला. म्हणाली, ताईला एवढ्यात सांगू नकोस, तिचं लेकरू लहान आहे. मला सगळं माहीत असताना रोज रात्री डोळे मिटून आई बरी झाली असं म्हणवेना. शनिवारी सकाळच्या एसटीनं येतो."